एका एकरात रेड लावू की व्हाईट? वाईनच्या द्राक्षजाती आणि त्यांचे उपयोग

दिंडोरी तालुक्यातल्या एका बागायतदार भावांनी विचारलं आहे: "थॉमसनची तीन एकर बाग आहे. त्यातली एक एकर जुनी झाली, ती काढायची आहे. तिथे वाईनची द्राक्षं लावायचा विचार आहे. रेड लावू की व्हाईट? नावं पुष्कळ ऐकतो, पण कुठली जात कशाला वापरतात ते नीट कुणी सांगत नाही. आणि वाईनरीने माल घेतला नाही तर बाजारात जाईल का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. बाजारात जाणार नाही. वाईनच्या द्राक्षाचा मणी वाटाण्याएवढा, साल बहुधा जाड, आत दोन-तीन बिया आणि घड बहुधा गच्च. व्यापारी क्रेट उघडून बघेल आणि तसंच बंद करेल. खायला ही द्राक्षं थॉमसन या खाण्याच्या बिनबियांच्या द्राक्षापेक्षा कितीतरी गोड असतात, पण बी चावायला आपल्याकडे आता कोणी तयार नाही. बेदाण्यालाही ती चालत नाहीत. म्हणजे या पिकाला गिऱ्हाईक एकच, वाईनरी. २००८ च्या मंदीनंतर आणि मुंबईवरच्या हल्ल्यानंतर वाईनची मागणी घसरली, तेव्हा निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात चार-पाच वर्षांची कॅबर्ने या रेड वाईनच्या जातीची बाग कुऱ्हाडीने तोडलेली मी पाहिली आहे. ती जात वाईट नव्हती. लावताना लेखी करार नव्हता आणि सगळ्यांनी एकदम रेडच लावली होती. तुम्ही रोपांचा विचार करायच्या आधी कराराचा करा. मी वीस-बावीस वर्षं या बागांत आणि वाईनरीच्या टाक्यांजवळ काढली आहेत. माझा सल्ला फिरून फिरून इथेच येतो.

आता जातींकडे येऊ. खाण्याच्या द्राक्षात आपण रंग, लांबी, फुगवण आणि टिकाऊपणा बघतो. जीएचं (मणी फुगवणाऱ्या संजीवकाचं) डिपिंग करतो, म्हणजे घड त्यात बुडवतो, विरळणी करतो, मणी १८ मिलिमीटरला न्यायचा प्रयत्न करतो. वाईनमध्ये हे सगळं उलटं आहे. मणी लहान हवा, कारण वास, रंग आणि तुरटपणा सालीत असतो, आणि मणी जितका लहान तितकी रसाच्या मानाने साल जास्त. त्यामुळे जीए नाही, गर्डलिंग (खोडाची साल गोलाकार काढणं) नाही, मण्यात पाणी उतरल्यावर भरमसाट पाणी नाही. ज्याने तीस वर्षं फुगवणीसाठी जीव टाकला, त्याला हे पचायला जड जातं. पहिल्या वर्षी हमखास कोणीतरी चोरून एक डिप मारतोच.

दुसरी गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो: आपल्याकडे गोडीची चिंता करू नका, आंबटपणाची करा. फ्रान्स-जर्मनीत द्राक्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात पिकतं, तेव्हा दिवस आखडत असतात, थंडी येत असते, आणि गोडी चढेल की नाही याची त्यांना काळजी. आपली फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि तोडा जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत. म्हणजे आपलं द्राक्ष थंडीत वाढतं आणि उन्हाळ्याकडे तोंड करून पिकतं. गोडी आपोआप चढते. पण द्राक्षात दोन मुख्य आम्लं असतात, टार्टारिक आणि मॅलिक. त्यातलं मॅलिक उष्णतेत वेल स्वतःच जाळून टाकते. रात्र थंड असेल तर ते टिकतं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा दहाच्या आसपास जातो, निफाडला तर त्याच्याही बराच खाली, आणि नाशिकची वाईन उभी आहे ती या थंड रात्रींवर. मार्चमध्ये दुपार पस्तिशी ओलांडली की आठवड्याभरात आंबटपणा पडतो, रसाचा पीएच (आंबटपणा कमी तितका हा आकडा मोठा) वर जातो, आणि अशी वाईन चवीला बसकी लागते, टिकतही नाही. वाईनरीत वरून टार्टारिक घालता येतं आणि घालतातही, पण वेलीवरच्या आंबटपणाची सर त्याला येत नाही. म्हणून कुठलीही जात समोर आली की मी पहिला प्रश्न विचारतो: आपल्या फेब्रुवारीत ही आंबटपणा किती धरून ठेवते?

रंगाबद्दलही एक गैरसमज काढून टाकतो. काळं द्राक्ष पिळलं तर रस लाल निघत नाही, जवळपास बिनरंगीच निघतो. रंग सालीत असतो. रेड वाईन करताना मणी फोडून साल-बियांसकट आंबवतात, आठवडा-दोन आठवडे, २५ ते २८ अंशांवर. रोज वर आलेला चोथा खाली दाबायचा किंवा खालचा रस वर फिरवायचा. त्यातून रंग आणि तुरटपणा उतरतो. व्हाईटमध्ये आधी पिळून साल बाजूला काढतात आणि नुसता रस थंडाव्यात, १२ ते १६ अंशांवर, आंबवतात, म्हणजे वास उडत नाही. रोझे म्हणजे काळ्या द्राक्षाची साल रसात काही तासच ठेवायची आणि काढून घ्यायची. काही थोड्या जातींचा गरसुद्धा लाल असतो. आपली पुसा नवरंग त्यातलीच, बाहेरच्यांत अलिकांते बुशे. त्या बहुधा रंग वाढवायला मिसळतात.

व्हाईटमध्ये आपल्याकडची राणी म्हणजे शेनिन ब्लाँ. मूळ फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यातली. आज जगात सर्वांत जास्त शेनिन दक्षिण आफ्रिकेत आहे, तिथे तिला पूर्वापार 'स्टेन' म्हणतात. तिचा मोठा गुण हा की उन्हातही ती आंबटपणा सोडत नाही. दुसरा गुण, ती कशालाही चालते. १८-१९ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या गोडीचं माप) तोडली तर स्पार्कलिंगचा, म्हणजे फसफसणाऱ्या वाईनचा, पाया होते. २१-२२ ला तोडली तर कोरडी व्हाईट. थोडी साखर शिल्लक ठेवून आंबवण थांबवलं तर आपल्या तिखट जेवणाबरोबर जाणारी किंचित गोड वाईन. आणि वेलीवर सुकेपर्यंत ठेवली तर लेट हार्वेस्ट, म्हणजे जेवणानंतरची गोड वाईन. एकाच बागेतून एका हंगामात तीन प्रकारची वाईन मी स्वतः काढली आहे, तीन वेगवेगळ्या तारखांना तोडून. नवीन असताना तिला नाशपती, खरबूज, अननस असे वास येतात, मुरली की मधाकडे झुकते. बागायतदाराच्या दृष्टीने उत्पादन भरवशाचं. माझ्या पाहण्यात नीट ठेवलेली बाग एकरी सहा-सात टन देते.

दोष सांगायलाच हवा. घड गच्च आणि साल पातळ. फुलोरा परतीच्या पावसात सापडला तर डावणीचा रोग, आणि पिकताना अवकाळी आला तर घडाच्या पोटात कूज. बाहेरून घड चांगला दिसतो, हातात घेऊन दाबला की आतून आंबूस पाणी येतं. असा एक क्रेट टाकीत गेला तर पाच टनांना व्हिनेगरचा वास लागू शकतो. म्हणून शेनिनमध्ये घडाभोवतीची पानं सकाळच्या उन्हाच्या बाजूने काढणं आणि हवा खेळती ठेवणं याला पर्याय नाही.

सोव्हिन्याँ ब्लाँ ही दुसरी. २००० साली नाशिकच्या सुला वाईनरीच्या पहिल्या वाईन बाजारात आल्या, त्या याच दोन जातींच्या, शेनिन आणि सोव्हिन्याँच्या. तोपर्यंत नाशिक म्हटलं की खायचं द्राक्ष आणि बेदाणा एवढंच लोकांना माहीत होतं. सोव्हिन्याँचं सगळं मोल वासात आहे. एका बाजूला ढोबळी मिरची, ताजं कापलेलं गवत, दुसऱ्या बाजूला पेरू, कैरी, पॅशनफ्रूट. हिरवा वास पायराझिन नावाच्या द्रव्यांचा, ती ऊन लागल्यावर कमी होतात. फळाचा वास थायोल गटातल्या गंधकयुक्त द्रव्यांचा, ती आंबवताना खुलतात. म्हणून सोव्हिन्याँला घड पूर्ण उघडा टाकून चालत नाही आणि दाट सावलीतही चालत नाही. तोडा पहाटे, डोक्याला बॅटरी लावून, आणि सूर्य वर यायच्या आत क्रेट वाईनरीत. दहा वाजेपर्यंत बांधावर उभा राहिलेला सोव्हिन्याँचा ट्रॅक्टर म्हणजे निम्मा वास हवेत गेला. ही वाईन मुरवायची नसते. वर्ष-दोन वर्षांत प्यायची, ओकच्या पिंपातही बहुधा घालत नाहीत. सुरमई-पापलेट, कोलंबी, कोथिंबीर-लिंबाचं काहीही, त्याबरोबर तिच्यासारखी दुसरी नाही.

शार्दोनेचं नाव जगात सर्वांत मोठं. पिनो आणि गुए ब्लाँ या जातींच्या संकरातून आलेली ही जात स्वतः वासाला साधी असते आणि करणाऱ्याच्या हाताप्रमाणे आकार घेते. ओकचं पिंप, गाळावर मुरवणं, मॅलिक आम्लाचं लॅक्टिकमध्ये रूपांतर करून लोण्यासारखा गोलवा आणणं, हे सगळे खेळ तिच्यावरच जमतात. शॅम्पेनच्या मुख्य तीन जातींपैकी ती एक. पण ती लवकर फुटते, लवकर पिकते आणि आपल्याकडे आंबटपणा पटकन टाकते. स्पार्कलिंगसाठी लवकर तोडणारी वाईनरी मागत असेल तरच लावा.

व्हियोनिएबद्दल मला वैयक्तिक ओढ आहे. १९६० च्या दशकात ही जात फ्रान्समध्ये ऱ्होन खोऱ्याच्या एका कोपऱ्यात मोजक्या हेक्टरांवर उरली होती, संपतच आली होती. आज जगभर आहे, नाशिकमध्येही. जर्दाळू आणि फुलांचा असा वास की ग्लास तोंडाशी न्यायच्या आधीच कळतं. ऱ्होनमधल्या कोत-रोतीला शिराझबरोबर थोडी व्हियोनिए एकत्र आंबवायची परंपरा आहे, नियमाने २० टक्क्यांपर्यंत. पांढरं द्राक्ष घालूनही रेडचा रंग उलट पक्का होतो आणि वासाला उठाव येतो. मात्र आंबटपणा कमी, उत्पादन कमी, आणि तोडायची वेळ तीन-चार दिवसांची. ती चुकली की तेलकट, जड वाईन हाती येते. एखाद्या छोट्या वाईनरीशी घट्ट संबंध असेल तरच तिच्या वाटेला जा. रीसलिंग जर्मनीची, थंडीची लेक. आपल्याकडे प्रयोगापुरती ठीक.

वाईनच्या नावाखाली पण पिण्याच्या वाईनपेक्षा वेगळ्या कामाला जाणारी एक पांढरी जात सांगतो. युनी ब्लाँ, इटलीत तिला त्रेब्बियानो म्हणतात. फ्रान्समधलं कोन्याक, म्हणजे तिथली प्रसिद्ध ब्रँडी, बहुतांश हिच्यापासून होतं. कारण ऐकून आश्चर्य वाटेल: हिची वाईन पातळ, आंबट आणि अल्कोहोलला कमी असते. ऊर्ध्वपातनाला हेच हवं असतं. आंबटपणामुळे गंधकाचं संरक्षक (सल्फाइट) न घालताही ती वाईन हिवाळाभर टिकते, आणि अल्कोहोल कमी असल्यामुळे जास्त वाईन आटवावी लागते, म्हणजे वास जास्त एकवटतो.

आता रेड. इथे मी जरा थांबून सांगणार आहे, कारण नुकसान इथेच जास्त झालं आहे.

कॅबर्ने सोव्हिन्याँ ही बोर्दोची, जगातली सर्वांत जास्त लावलेली वाईनची जात. १९९७ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या संशोधकांनी डीएनए तपासून दाखवलं की ही काळी जात कॅबर्ने फ्राँ आणि पांढरी सोव्हिन्याँ ब्लाँ यांच्या नैसर्गिक संकराची. नावातच आईबाप होते, पण तोपर्यंत खात्री नव्हती. हिचा ढोबळ्या मिरचीचा वास आईबापाकडूनच आला आहे. बागेत कॅबर्ने गुणी आहे. साल जाड, घड मोकळा, कूज कमी. पण ती उशिरा पिकते. आपल्याकडे छाटणीपासून १४०-१५० दिवस धरा, म्हणजे फेब्रुवारीअखेर ते मार्च. आणि इथेच फसगत होते. फेब्रुवारीच्या मध्यावर रिफ्रॅक्टोमीटर (गोडी मोजायचं यंत्र) २३ दाखवतो, बागायतदार म्हणतो तोडा, वजन कमी होतंय. पण बी फोडून बघा, अजून हिरवी असते. साल चावली की जीभ धरते. या वेळी तोडलेल्या कॅबर्नेची वाईन हिरव्या मिरचीची आणि कडवट तुरट होते. थांबलं तर बी तपकिरी होते, साल मऊ होते, पण तोपर्यंत पीएच वर आणि डोक्यावर गारपिटीचा महिना. गोडी एका वेगाने पिकते, साल-बी दुसऱ्या वेगाने, आणि आपल्या हवेत या दोन्हींमधलं अंतर कॅबर्नेत सर्वांत जास्त पडतं. ज्यांना हे जमलं त्यांनी छाटणीची तारीख, पानांची संख्या आणि पाणी या तिन्हींवर बरीच वर्षं मेहनत घेतली. एकरी उत्पादन चार टनांवर न्यायचा हट्ट धरला की रंगही जातो.

शिराझ, फ्रेंच नाव सिरा. इराणच्या शिराझ शहराशी हिचा काही संबंध नाही. ती दुरेझा आणि माँदूझ ब्लाँश या दोन फ्रेंच जातींची लेक, हेही डीएनएने सिद्ध झालं आहे. उष्णतेला कॅबर्नेपेक्षा जास्त सरावलेली, रंग गडद, दोन-तीन आठवडे आधी पिकते. वास जांभूळ, करवंद आणि काळी मिरी. मिरी ही नुसती उपमा नाही: रोटंडोन नावाचं एकच द्रव्य काळ्या मिरीत आणि शिराझच्या सालीत सापडतं, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली ते दाखवून दिलं. थंड हंगामात ते जास्त उतरतं, म्हणून कडाक्याच्या थंडीनंतरची आपली शिराझ जास्त मिरीदार होते.

शिराझचा एक स्वभाव पाठ करून ठेवा. पूर्ण पिकल्यावर तिचा मणी वेलीवरच आकसू लागतो. तेव्हा रिफ्रॅक्टोमीटरवर गोडी भरभर चढते, पण नवीन साखर येत नसते, फक्त पाणी उडत असतं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका बागेत शुक्रवारी २३ बघून मी सोमवारी तोडायचं ठरवलं. त्या दोन दिवसांत उन्हाची लाट आली. सोमवारी २६ आणि मणी बोटाला मऊ. ती वाईन पंधरा टक्क्यांकडे गेली, पिताना घशात जाळ. ढोबळ हिशेब असा: ब्रिक्सला ०.५५ ने गुणलं की अल्कोहोलची टक्केवारी जवळपास येते. २२ ला बारा, २४ ला तेरा-सव्वातेरा, आणि २६ ला चौदाच्या पुढे. तेव्हापासून शिराझच्या बागेत शेवटच्या आठवड्यात मी रोज जातो आणि रीडिंगबरोबर शंभर मण्यांचं वजनही घेतो. गोडी चढतेय आणि वजन उतरतंय असं दिसलं की त्याच रात्री तोडा.

मेर्लो बोर्दोतली कॅबर्नेची मवाळ बहीण, कॅबर्ने फ्राँ हाच तिचाही बाप. कॅबर्नेचा कडकपणा मोडायला मिसळतात. आपल्याकडे पिकते ठीक, पण एकट्याने लावावी अशी मागणी मी पाहिलेली नाही. माल्बेक अर्जेंटिनाने नावारूपाला आणली, रंग शाईसारखा. टेंप्रानियो स्पेनची, नावाचाच अर्थ 'लवकर येणारी', म्हणून मार्चच्या उन्हातून सुटते, आणि आपल्या हवेसाठी मला ती आश्वासक वाटते. सांजोव्हेझे इटलीच्या तोस्कानाची. अकलूजकडे फ्रातेली वाईनरीने ती लावली आणि चांगली वाईन काढून दाखवली, म्हणजे सोलापूर जिल्ह्यातही हे पीक रुजू शकतं. नेरो दाव्होला ही सिसिलीची, तिथलं ऊन आपल्यासारखंच कडक. निफाड तालुक्यात रेव्हेलो वाईनरीने तिची बाटली काढली आहे. दक्षिण युरोपातल्या या उन्हाच्या जातींकडे आपण वीस वर्षं आधी बघायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. आपण बोर्दोच्या नावाला भुललो. बोर्दो समुद्रकाठी, पावसाळी, आपलं पठार कोरडं.

झिनफँडेल कॅलिफोर्नियाची म्हणून ओळखतात, पण मूळ क्रोएशियाची. इटलीतली प्रिमितिव्हो म्हणजे तीच. एकाच घडात काही मणी हिरवे, काही पिकलेले, काही बेदाणा झालेले, हा तिचा त्रास. म्हणून तिची रोझे छान होते, कारण रोझेला सालीच्या पूर्ण पक्वतेची गरज नसते. पिनो न्वार हे बर्गंडीचं रत्न. पातळ साल, नाजूक रंग, गच्च घड. आपल्याकडे रेडसाठी लावू नका. स्पार्कलिंगवाल्यांनी लवकर तोडून वापरली तर भाग वेगळा.

स्पार्कलिंगचा उल्लेख तीनदा आला, तर त्याचं थोडं सांगतो, कारण मला त्यात आपल्या भागाचं भविष्य दिसतं. भारतात याची सुरुवात पुणे जिल्ह्यात नारायणगावला झाली, १९८० च्या दशकात, श्यामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्राच्या मदतीने. आज शाँदाँसारखी फ्रेंच कंपनी दिंडोरीत बसून बनवते. पद्धत अशी: कोवळ्या आंबट द्राक्षाची दहा-साडेदहा टक्क्यांची वाईन करायची, बाटलीत भरताना लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालायचं, बूच लावायचं. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबतं, वायू कोंडून राहतो, दाब सहा वातावरणांपर्यंत जातो. बागायतदाराला याचा फायदा साधा आहे. वाईनरीला १८-१९ ब्रिक्स आणि भरपूर आंबटपणा हवा असतो, म्हणजे तोडा जानेवारीतच उरकतो. पाण्याच्या दोन पाळ्या वाचतात, शेवटच्या फवारण्या वाचतात, अवकाळी आणि गारपीट येईपर्यंत बाग मोकळी झालेली असते.

राहिला आपल्या माणसांच्या तोंडी असलेल्या 'पोर्ट'चा विषय. गोव्याला गेलेला माणूस जी गोड लाल पोर्ट वाईन घेऊन येतो, ती बहुतेक बेंगळुरू ब्लू या द्राक्षाची, म्हणजेच अमेरिकन रक्ताच्या इझाबेलाची. तिला एक विशिष्ट उग्र-गोड वास असतो, अमेरिकेत त्याला कोल्ह्याचा वास म्हणतात, आपल्याला तो द्राक्षाच्या गोळ्या-सरबतासारखा वाटतो. फ्रान्सने १९३० च्या दशकात या जातीच्या वाईनवर बंदी घातली होती. खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली, त्या भागाच्या सीमा १७५६ साली आखल्या गेल्या. अर्धवट आंबलेल्या रसात द्राक्षाची दारू घालून आंबवण थांबवतात, साखर राहते आणि अल्कोहोल वीसच्या आसपास जातं. दोन्हींत नावापुरतं नातं आहे. पण बेंगळुरू ब्लूला कमी लेखू नका. रसाला, जॅमला ती उत्तम आणि रोगाला काटक. रसाचाच विचार असेल तर मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची मांजरी मेडिका बघा, पुसा नवरंग आणि फ्लेम सीडलेसच्या संकराची, रंगद्रव्य भरपूर. आघारकर संशोधन संस्थेची एआरआय-५१६ ही सुद्धा रसाला चांगली.

तुमची राहिलेली दोन एकर थॉमसन वाईनला चालेल का, हाही प्रश्न मनात असणार. कॅलिफोर्नियात एके काळी स्वस्त वाईनमध्ये थॉमसन सर्रास जायची. वाईन होते, पण तिला नाव घ्यावं असा वास नसतो, आणि जीएने फुगवलेल्या मण्यात आंबटपणा पातळ झालेला असतो. वाईनरीने घेतलीच तर ती पडत्या भावात घेणार. तिच्यावर हिशेब मांडू नका.

लागवडीचं मोजकंच सांगतो. मांडव किंवा 'वाय' आकाराच्या आधाराचा मोह सोडा. उभ्या तारांवर एका पातळीत काड्या वर नेणारी पद्धत, आठ बाय चार फूट, एकरी सुमारे १,३६० वेली. खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ती मुळाची जात, ११० आर. डॉगरिज या दुसऱ्या खुंटावर वाढ इतकी जोमात येते की पानांची सावली घडावर बसते, आणि वाईनला ती मानवत नाही. खुंटरोपं जानेवारी-फेब्रुवारीत, कलम ऑगस्ट-सप्टेंबरात. भुरी रोगासाठी गंधक मारत असाल तर तोड्याच्या आधी वाईनरीने सांगितलेल्या तारखेला थांबवा. द्राक्ष धुतलं जात नाही, थेट फुटतं. सालीवर राहिलेलं गंधक आंबवताना सडक्या अंड्याचा वास देतं. पालाश (पोटॅश खत) टाकतानाही हात आखडता घ्या. थॉमसनला गोडीसाठी आपण ते सढळ देतो, पण मण्यात पालाश वाढलं की रसाचा पीएच चढतो, आणि आंबटपणा राखायची सगळी धडपड वाया जाते.

तर एका एकराचं उत्तर: दोन जाती अर्ध्या-अर्ध्या लावू नका. वाईनरीला एका टाकीचा माल हवा असतो, दोन टनांसाठी वेगळी टाकी कोणी अडवत नाही. जात तुम्ही ठरवू नका, वाईनरीला विचारा आणि ते जे म्हणतील ते वर्षांच्या संख्येसकट कागदावर घ्या, गोडी आणि आंबटपणाच्या कोणत्या मापाला काय भाव तेही. त्यांनी "तुम्हाला हवं ते लावा" असं म्हटलं तर शेनिन लावा. रेडच हवी म्हणाले तर शिराझ. कॅबर्ने मागितली तर एकरी किती टनांची अपेक्षा आहे ते विचारा. साडेतीनच्या वर सांगितलं तर त्या वाईनरीला नमस्कार करून पुढच्या दारात जा.

आणि यंदा फेब्रुवारीत, तोडा चालू असताना, दोन-तीन बागांत पहाटे जाऊन या. घडाच्या मधला एक मणी घ्या. गर आधी गिळून टाका, गोडीवर जाऊ नका. मग साल दाढेखाली वीसेक वेळा चावा आणि बघा जीभ किती धरते. शेवटी बी दातांनी फोडा. हिरवी असेल तर कडू लागेल, पिकली असेल तर भाजलेल्या दाण्यासारखी कुरकुरीत.